मामा, किक लागत नाही

हिप-हॉपमधला तो छातीवर येऊन आदळणारा ड्रम मुळात टंचाईतून जन्माला आला. आणि ही टंचाई आज विकत घ्यायची म्हटली तर किती खर्च येतो, हे पुण्यात माझ्याइतकं नेमकं फार थोड्यांना सांगता येईल.

माझा भाचा मराठीत रॅप करतो. शब्द चांगले असतात त्याचे. पीजीच्या मालकिणीवर त्याने केलेलं एक गाणं तर मालकिणीनेच स्टेटसला ठेवलं होतं. एकदा घरी आला, नवीन गाणं फोनवर लावलं आणि म्हणाला, "मामा, सगळं जमलंय, पण किक लागत नाही."

किक म्हणजे ड्रमचा तो सर्वांत खालचा, जाड ठोका. त्याला फक्त चहा हवा होता आणि एखादं "छान आहे." पण कॉलेजात असताना मी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांचं संगीत ऑपरेट केलेलं आहे. म्हणजे विंगेत बसून कॅसेट डेकचं बटण दाबायचो. त्यानंतर ऑडिटरच्या नोकरीत आयुष्य गेलं आणि आवाजाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. इतकी वर्षं साठलेलं मत एकदम बाहेर आलं. "कम्प्युटरचे ड्रम असेच. जीवच नसतो त्यांच्यात. अ‍ॅनालॉग पाहिजे."

"म्हणजे काय करायचं?"

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तिला हे वाक्य ओळखीचं आहे.

मग वाचन सुरू झालं. न्यूयॉर्कच्या ज्या ड्रम्सच्या नावाने आजही लोक उसासे टाकतात, त्यातले कितीतरी ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या १९८७ साली आलेल्या यंत्रातून निघालेले. या यंत्राची स्मृती किती? सगळी मिळून दहा सेकंद. तेवढ्यात किक, स्नेअर, हाय-हॅट आणि जुन्या रेकॉर्डवरून उचललेला सुरांचा तुकडा, सगळं बसवायचं. मग पीट रॉकसारखे हिप-हॉप निर्माते काय करत, तर ३३ च्या गतीची रेकॉर्ड ४५ च्या गतीने वाजवून आत भरायची आणि यंत्रात तिचा वेग पुन्हा खाली आणायचा. सेकंद वाचायचे, पण आवाजाला खरखरीत धार यायची. ही धार म्हणजेच तो सुप्रसिद्ध आवाज. सॅम्पलिंग २६ किलोहर्ट्झचं, नोंद १२ बिटची. आजच्या स्वस्तातल्या फोनपेक्षाही गरीब. त्याच्याही आधी न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्सब्रिजचा निर्माता मार्ली मार्ल एका रेकॉर्डवरून भलतंच काही उचलायला गेला आणि चुकून स्नेअरचा एक सुटा फटका त्याच्या हाती लागला. त्याच्या लक्षात आलं, की आता कुठल्याही जुन्या रेकॉर्डमधला ड्रमर आपल्या गाण्यात नोकरीला ठेवता येईल. हनी ड्रिपर्स या बँडच्या १९७३ च्या रेकॉर्डवरचा ड्रम मग शेकडो गाण्यांत कामाला लागला.

हे सगळं मी भाच्याला रंगवून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पण मामा, एसपी-१२०० डिजिटल आहे ना?"

आहे. बाहेर पडताना काही चॅनेलवर अ‍ॅनालॉग फिल्टर लागतात, एवढाच काय तो माझ्या बाजूचा पुरावा. मी तो लावून धरला. शिवाय जुनं यंत्र आता लाखांच्या घरात जातं, त्यामुळे तो विषय तसाही मिटलेलाच होता. पण तोवर माझं मन अ‍ॅनालॉगमध्ये गुंतलं होतं, आणि एकदा गुंतलेल्या मनाला पुराव्याने फरक पडत नाही, हे मी कित्येक कंपन्यांच्या ताळेबंदांत पाहिलेलं आहे.

जुना मिक्सर घेतला. वापरलेला दोन चॅनेलचा कॉम्प्रेसर घेतला. जुन्या बाजारात एक कॅसेट डेक मिळाला, काचेमागे हलणाऱ्या काट्यांचा. विकणाऱ्याने "एकदम ओके आहे साहेब" असं म्हणून तो रद्दीच्या पेपरात गुंडाळून दिला. घरी येऊन उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला.

तो घेऊन तपकीर गल्लीत गेलो. तिथे एका जिन्याखाली एक वयस्कर गृहस्थ डेक दुरुस्त करत बसतात. त्यांनी डेक उघडला, हेडवर कापूस फिरवला, पट्टा बदलला आणि विचारलं, "कशासाठी हवाय? भजनं ऐकायला?"

"नाही, ड्रम रेकॉर्ड करायचेत. काटे लालमध्ये जातील इतक्या जोरात."

"आवाज फाटेल."

"फाटायलाच हवा."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मग मी दुरुस्त कशाला केला?"

ज्या माणसाने चाळीस-एक वर्षं आवाज फाटू नये म्हणून डोळे शिणवले, त्याला मी फाटण्याचं महत्त्व समजावू लागलो. टेपवरच्या चुंबकीय कणांना एका मर्यादेपलीकडे आवाज झेपत नाही. मग किकचं टोकदार शिखर गोल होतं, वरचे स्वरांश तयार होतात. मूळ ५० हर्ट्झचा धक्का फोनच्या इवल्या स्पीकरमधून येतच नाही. पण त्याहून कितीतरी वरचे हे नवे अंश येतात, आणि कान त्यांवरून खालचा धक्का स्वतःच कल्पून घेतो. म्हणजे फाटल्यामुळे किक जास्त ऐकू येते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पैसे घेतले आणि म्हणाले, "परत आणू नका."

आता घरची आघाडी. मागच्या खोलीत टेबल मधोमध मांडलं, समोर दोन स्पीकर, खुर्ची बरोबर खोलीच्या मध्यावर. किक लावली. ऐकू येईना. वाढवली. तरी नाही. आणखी वाढवली. मिक्सरची पट्टी वरच्या टोकाला भिडली तेव्हा दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या.

"तुमच्याकडे फरशी फोडतायत का?"

"नाही हो काकू, संगीत आहे."

"आमचा पंखा हलतोय."

त्यांना पटवायला मी आत नेलं. त्या दाराशी कोपऱ्यात उभ्या राहिल्या, मी खुर्चीत बसून किक लावली. "बघा, आहे का काही?" असं म्हणून वळलो तर काकूंनी दोन्ही हातांनी कान झाकलेले. मग मी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिलो आणि माझ्याही पोटात कळ आली. ५० हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर. माझी खोली सव्वाअकरा फूट, म्हणजे तिच्या निम्मी. अशा खोलीत ही लहर दोन्ही भिंतींपाशी फुगते आणि नेमकी मधोमध शून्य होते. गृहप्रवेशाच्या वेळी वास्तुशास्त्रवाल्याने खोलीचे बरेच दोष सांगितले होते, हा एकच सांगितला नव्हता. माझी किक उत्तम होती. फक्त ती मी सोडून इमारतीत सगळ्यांना ऐकू जात होती. सोसायटीच्या ग्रुपवर त्याची दखल आधीच घेतली गेली होती. खुर्ची मागे सरकवली आणि पुढची कामं हेडफोनवर करायचं काकूंना वचन दिलं.

कॉम्प्रेसरची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण तीत माझं शहाणपण फारसं दिसत नाही. त्यावर अटॅक नावाचं बटण असतं. ठोका जोरकस हवा म्हणून मी ते सर्वांत जलद टोकाला फिरवलं. यंत्राने किकचा आवाज सुरू होताक्षणीच दाबून टाकला. ठोक्यातलं सगळं बळ पहिल्या काही मिलिसेकंदांत असतं. बीटरचा तो टक् गेला, की मागे राहते ती ओल्या गादीवर मारलेली थाप. उलट अटॅक वीस-तीस मिलिसेकंदांवर ठेवला तर टोक मोकळं सुटतं आणि मागची शेपटी दाबली जाते, त्यामुळे टोक आणखी वर आल्यासारखं वाटतं. मग रिलीज असा लावायचा, की पुढच्या ठोक्याआधी यंत्राने हात सोडलेला असेल. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये ६६७ मिलिसेकंद असतात, म्हणजे घाई काहीच नाही. हे मी भाच्याला जन्मजात माहिती असल्यासारखं सांगितलं.

पण खरा पराक्रम पुढे आहे. हेडफोनवर एके रात्री माझ्या किकखाली अशी गडद, भरदार, अखंड गाज ऐकू आली की मी डोळे मिटले. हाच तो न्यूयॉर्कचा सब, सगळ्यांत खालचा बास! बायकोला उठवून हेडफोन दिला. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "फ्रीज चालू आहे." भाच्याला पाठवलं, त्याने तर त्यावरून गाण्याचा सूर ठरवला. म्हणाला, "मामा, जी आहे, पण थोडा चढा." दोन-तीन दिवस मी त्या गाजेच्या धुंदीत होतो. मग एकदा ड्रम बंद केला आणि गाज तशीच चालू राहिली.

ती महावितरणची वीज होती. आपल्याकडे ती ५० हर्ट्झने थरथरते, आणि पियानोवरचा खालचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणून थोडा चढा. अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्यामुळे हा सूर आमचा स्वतःचा, देशी म्हणता येईल. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून तिसऱ्या भोकामागची वायर दाखवली. ती कशालाच जोडलेली नव्हती. "साहेब, अर्थिंग आहे, पण दाखवायपुरतं." इतकी वर्षं आमचा गीझर कुणाच्या भरवशावर चालला, हा विचार मी पुढे ढकलला. त्याने वायर जोडली, सगळी यंत्रं एकाच पट्टीवर घेतली, गाज गेली. भाचा हळहळला. गाणं त्याने त्या सुरात बांधून ठेवलं होतं.

आता टेप. कोऱ्या कॅसेट शोधूनही चांगल्या मिळेनात. माळ्यावरच्या डब्यात एक सापडली, बाबांच्या अक्षरात "सातारा, १९८४" लिहिलेली. मागची टॅब मोडलेली होती, म्हणजे कुणीतरी ती पुसली जाऊ नये म्हणून काळजी घेतलेली. मी भोकावर चिकटपट्टी लावली. 'बी' बाजू बहुधा कोरीच असेल, असं स्वतःला सांगितलं. ऑडिटमध्ये असं वाक्य कुणी बोललं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

काटे लालमध्ये घातले आणि किक-स्नेअर भरले. परत वाजवून पाहिलं आणि अंगावर काटा आला. किक खरोखर बसत होती! स्नेअरची कडा मऊ झालेली, वरची चमक टेपने थोडी खाल्लेली, आणि सगळं एकजीव. मी लगेच भाच्याला बोलावलं. त्याने हेडफोन लावले, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि विचारलं, "मामा, हे सॅम्पल कुठून उचललंस?"

"कुठलं सॅम्पल?"

"ती बाई."

ठोक्यांच्या मधल्या फटीत, खूप लांबून, बाई बोलत होती. डेकचं पुसायचं हेड म्हातारं झालेलं. त्याने जुनं अर्धवटच पुसलं होतं. "…आणि बरणीचं तोंड बांधून ठेव. मुंग्या मस्कतलाही असतीलच."

माझी आत्या. बाबा मस्कतला नोकरीला होते तेव्हा तिने साताऱ्याहून पाठवलेलं कॅसेटवरचं पत्र. फोन परवडत नव्हता, पत्राला कंटाळा, म्हणून लोणच्याच्या बरणीबरोबर तिने आवाज पाठवला होता. त्यातली दहा-बारा मिनिटं मी किकखाली गाडून टाकली होती.

भाच्याने ती ओळ उचलली, तोडली, आवर्तनात घातली. गाणं एकदम उभं राहिलं. मग तो म्हणाला, "मामा, राग नको मानूस, पण किक मी बदलतोय." त्याने लॅपटॉपमधून ८०८ ची किक टाकली. रोलंडची टीआर-८०८ ही १९८० ची मशीन, तिच्यात किकसाठी टेप नाही की रेकॉर्ड नाही, नुसता एक विजेचा आंदोलक, ठोकला की खालच्या सुरात घुमत जातो. अस्सल अ‍ॅनालॉग. आणि भाच्याकडे तिची फुकट उतरवलेली डिजिटल नक्कल. ती स्पीकरवर लागली आणि खालून काकूंचा फोन आला, त्यावरून आम्हाला कळलं की बरोबर लागली.

साताऱ्याला जाऊन आत्याला ऐकवणं भाग होतं. ऐंशी पार केलेली आहे, कान तिखट. कॅसेट पुसल्याचं प्रकरण जरा मागे पडावं म्हणून मी तिला आधी सॅम्पलिंगचा इतिहास सांगितला: जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, १९६९ मध्ये सिनसिनाटीत त्याने वाजवलेला काही सेकंदांचा ठेका, तो पुढे हजाराहून अधिक गाण्यांत कसा उचलला गेला. "आणि त्याला त्याचे काय मिळाले?" आत्याने विचारलं. रचनाकार म्हणून त्याचं नाव नव्हतं, म्हणून रॉयल्टी नाही, असं मी भाबडेपणाने सांगून टाकलं.

भाच्याने गाणं लावलं. ती पूर्ण ऐकेपर्यंत काही बोलली नाही. "आजी, आवडलं?"

"आवाज बारीक ठेवलायस माझा. तो खालचा धबधब जरा कमी कर." मग चष्मा पुसत तिने विचारलं, "बरणीचं तोंड मी किती वेळा बांधलंय यात?"

"बत्तीस वेळा, आजी."

"नाव काय लिहिलंयस माझं?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. लिहिलं नव्हतं.

"लिही," आत्या त्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणि तू रे, ऑडिटर ना तू? बत्तीस वेळांचा हिशेब काढ. वरून ती पुसलेली दहा मिनिटं वेगळी धर."