विरळ हवेची सबब

शिकाऱ्याचा नेम कधी चुकत नाही. चुकतो तो वारा, चुकतात काडतुसं, आणि ह्यांपैकी काही हाताशी नसेल तर समुद्रसपाटीपासूनची उंची.

ह्यूस्टनचे आमचे शेजारी दर ऑक्टोबरात कोलोरॅडोला एल्कच्या शिकारीला जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड अमेरिकन भाऊबंद. ह्यूस्टनची उंची जेमतेम 15 मीटर, तिकडचे डोंगर 3000 मीटरचे. एका वर्षी मलाही नेलं. बिनबंदुकीचा, सामान उचलायला.

इथे झीरो केलेली रायफल तिथे वर मारणार, ह्या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. झीरो करणं म्हणजे ठरावीक अंतरावर स्कोपमधली फुली जिथे, तिथेच गोळी लागेल असा बंदोबस्त. त्या उंचीवर हवेची घनता पावपट कमी. अडवणारं कमी, म्हणून गोळीचा वेग टिकतो आणि ती कमी झुकते. शास्त्र चोख आहे. कारगिलला 1999 साली बोफोर्सचे गोळे ह्याच कारणाने एरवीपेक्षा लांब गेले. पण ते मैलोगणती जाणारे गोळे! रायफलीच्या गोळीत 100 यार्डांवर फरक नखाएवढाही पडत नाही, 300 यार्डांवर फार तर इंचभर. चार-पाच इंच पडायला 500 यार्ड लागतात, आणि आमच्या शेजाऱ्यांची मजल दोनशेची.

खरी भीती विमानतळावर. रायफल रिकामी करून, कुलूपबंद टणक पेटीत घालून सामानात द्यावी लागते. ती पेटी पट्ट्यावर ज्या थाटात येऊन आदळते, तो पाहिल्यावर माणसाला हवेची घनता सुचूच नये. स्कोप केसभर हलला की नेम गेला. म्हणून पोचल्यावर कागदावर गोळ्या झाडून पाहायच्या. त्यांनी झाडल्या. ह्यूस्टनला लागायच्या तिथेच नेमक्या लागल्या. शेजारी फार खिन्न झाले.

दुसऱ्या दिवशी चढावर एल्क दिसला. उंचीने गोळीचं काही बिघडलं नव्हतं, पण दर श्वासाला प्राणवायू तीस टक्क्यांनी कमी मिळत होता आणि शेजाऱ्यांचा भाता जोरात चालू होता. फुली एल्कच्या छातीवरून शिंगांवर, शिंगांवरून पाइनच्या शेंड्यावर हिंडत होती. गोळी वरून गेली. एल्कने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश चालू लागला. त्याला दम लागला नव्हता.

“विरळ हवा,” शेजारी धापा टाकत म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, हे खरं; पण इथलं अंगण खरोखरच वाकडं होतं. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आडव्या अंतराचा, त्यामुळे चढावर मारा की उतारावर, गोळी थोडी वरच लागते. हे सांगितलं असतं तर त्यांना आणखी एक सबब मिळाली असती. मी पाण्याची बाटली पुढे केली.

परतल्यावर ह्यूस्टनच्या रेंजवर पुन्हा चाचणी झाली. गोळ्या दोन इंच खाली लागल्या. पेटीला नवा पोचा पडला होता, तो मी बोटाने दाखवला.

त्यांनी पोच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “इथली हवा,” ते म्हणाले, “फारच दाट.”