बेप्पूचा भीम

बेप्पू हे गाव नरकांसाठी प्रसिद्ध आहे. जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतात, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात ते वसलंय. गटाराच्या जाळीतून, भिंतीच्या फटीतून, कुणाच्या परसातून, जिथून वाट मिळेल तिथून वाफ बाहेर पडते. गावात गरम पाण्याचे दोन हजारांवर झरे. त्यातले जे अंघोळीच्या पलीकडचे, म्हणजे माणूस उतरला तर शिजूनच निघेल असे, त्यांना 'जिगोकु' म्हणजे नरक म्हणतात आणि तिकीट लावून दाखवतात. एक नरक निळा, एक तांबडाभडक, एकात राखाडी चिखल रटरटतोय, एकात मगरी पाळल्यात. सगळे नरक एकदम बघायचे तर जोडतिकीटही मिळतं. मी माळकरी माणूस. आमची जन्मभर खटपट नरक चुकवायची. इथे लोक पैसे भरून, रांग लावून नरकात शिरतात आणि बाहेर आल्यावर आइस्क्रीम खातात.

या नरकांच्या वर, डोंगरावर, 2000 साली रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटी सुरू झाली. साधारण निम्मे विद्यार्थी जपानी, निम्मे बाहेरदेशचे. पोरं आपल्या कॉलेजला 'आकाश' म्हणतात आणि खालच्या गावाला 'मर्त्यलोक'. वर स्वर्ग, खाली मर्त्यलोक, गावात तिकीटवाले नरक आणि ये-जा करायला सिटीबस. आमची भाची या स्वर्गात शिकते. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी साताऱ्याहून तिला भेटायला गेलो, तर तिची परीक्षा तोंडावर आलेली. "मामा, तुम्हाला भीम फिरवेल," असं म्हणून तिने पुस्तकात तोंड खुपसलं.

भीम म्हणजे जावा बेटावरचा विद्यार्थी. त्याचं पाळण्यातलं नाव एका पांडवाचंच असल्यामुळे मी त्याला भीमच म्हणतो. अंगाने काडी, आवाज हळू, आणि चेहऱ्यावर कायम असं हसू की आपण काहीही बोललो तरी ते त्याला आधीच पटलेलं असावं. धर्माने मुसलमान, नमाज चुकवत नाही. नाव महाभारतातलं कसं, असं मी विचारल्यावर उलट तोच चकित झाला. त्याचं गाव दिएंग पठाराच्या पायथ्याशी. त्या पठारावरही बेप्पूसारखाच उकळता चिखल आहे आणि जवळच जुनी देवळं आहेत. त्यातल्या एकाला भीमाचं देऊळ म्हणतात, एकाला अर्जुनाचं. थोडक्यात, हा पोरगा एका नरकाशेजारून उठून दुसऱ्या नरकाशेजारी शिकायला आला होता.

जावाच्या छायानाट्यात भीमाची एक खोड सांगतात. जावानीज भाषेत समोरचा कोण, त्यावरून बोलायच्या पायऱ्या असतात. पण तिथला भीम थोरल्यांशी, गुरूंशी, अगदी देवांशीही सरळ एकेरीत, रोखठोक बोलतो. आमचा भीम याच्या बरोबर उलट. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे शब्द येतो, चार भाषांत येतो, पण तोंडातून फुटत नाही. आणि नियतीने त्याला नेमकं जपानात आणून सोडलं, जिथे समोरच्यालाही तो फुटत नाही.

ही गंमत मला पालिकेच्या कचेरीत कळली. पहिल्या वर्षी परदेशी मुलं कॉलेजच्या वसतिगृहात राहतात. भीम नुकताच मर्त्यलोकात खोली घेऊन उतरला होता. पत्ता बदलायचा, आरोग्यविम्याचा कागद करायचा. सोबत बाताक समाजाची, सुमात्राच्या मेदान शहरातली एक विद्यार्थिनी होती. तिला आपण मेदानबाई म्हणू. अर्जावर दोन चौकटी: आडनाव आणि नाव. बाताक लोकांना कुळाचं नाव असतं, त्यामुळे मेदानबाईंनी दोन्ही चौकटी भरून अर्ज आपटला आणि काम संपलं. भीमाचं नाव एका शब्दात आटोपतं. त्यांच्याकडे त्यात काही नवल नाही. सुकार्नो आणि सुहार्तो या दोघा राष्ट्राध्यक्षांनी 1945 पासून 1998 पर्यंतचा काळ एकेका शब्दावर काढला. आता कुठे 2022 पासून नव्या बाळाचं नाव किमान दोन शब्दांचं हवं असा नियम तिकडे आलाय. पण भीमाच्या बारशाला फार उशीर झाला होता.

खिडकीतल्या बाईंनी रिकामी चौकट पाहिली आणि दातांतून 'स्स्स्' असा श्वास आत ओढला. जपानात हा आवाज फार गंभीर. भीम कमरेत वाकला. बाई वाकल्या. "आडनावाचं जरा..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. "हो, ते जरा..." भीम म्हणाला. दोघं पुन्हा वाकली. 'असा अर्ज चालणार नाही' हे बाई म्हणेनात आणि 'माझ्याकडे आडनाव नाही' हे हा म्हणेना. माझं अर्धं आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूला गेलंय. आमच्या खिडकीवर गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'नाही' मिळायचं, तेही मान वर न करता. त्यात दोघांचाही वेळ वाचायचा. शेवटी मेदानबाईंनी पेन हिसकावून दोन्ही चौकटींत तेच नाव लिहिलं. सगळ्यांना हायसं वाटलं. थोड्या वेळाने विम्याच्या खिडकीवरून अतिशय आदराने पुकारा झाला: "बिमा बिमा सामा!" आमच्या ऑफिसच्या हिंदी पाटीवर जन्मभर 'बीमा' वाचलेला मी सवयीने उठून उभा राहिलो.

आपल्याकडची पोरं जपानी आदराची भाषा शिकताना मेटाकुटीला येतात. समोरच्याला चढवून बोलायची क्रियापदं निराळी, स्वतःला उतरवून बोलायची निराळी. माझी भाची ती तक्ते करून पाठ करते. भीमाला तक्ता लागला नाही. लहानपणी मित्राशी एक भाषा आणि आजीशी दुसरी अशा सवयीत वाढलेला पोरगा तो. कुणापुढे किती वाकायचं हे त्याला उपजतच कळतं. बिचाऱ्या मेदानबाईंचे हाल. त्यांच्याकडे मनातलं तोंडावर बोलतात, तेही समोरच्या डोंगरावर ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांचं जपानी व्याकरण भीमापेक्षा शुद्ध, पण त्यांनी नुसतं "खिडकी उघडू का?" विचारलं तरी वर्गातली जपानी मुलं माफी मागायची. बेप्पूत मला सातारा भेटला तो त्यांच्या रूपाने.

भीमाच्या प्राध्यापकांना अंघोळीची आवड. बेप्पूत राहायचं आणि सार्वजनिक हमामात जायचं नाही, म्हणजे पंढरपुरात राहून चंद्रभागेत पाय न घालणं. पण इथली अंघोळ संपूर्ण दिगंबर अवस्थेत, चारचौघांत. भीमाच्या धर्मात आणि स्वभावात, दोन्हीत ते बसत नाही. प्राध्यापक म्हणायचे, "एकदा ताकेगावाराला जाऊ." ही 1879 सालापासूनची प्रसिद्ध अंघोळशाळा. भीम उजळ चेहऱ्याने म्हणायचा, "नक्की, पुढच्या वेळी." प्राध्यापक त्याहून उजळून म्हणायचे, "पुढच्या वेळी." अंघोळ कधीच होणार नाही हे दोघांना ठाऊक, आणि हे दोघांना ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक. दोघांचे संबंध अत्यंत प्रेमाचे राहिले.

सगळीच प्रकरणं अशी कोरडी निभावत नाहीत. थंडीत भीमाच्या अंगात वारं शिरलं. आमच्याकडे अंगात वारं येतं ते देवीचं, आणि ते शांत करायला हळदकुंकू लागतं. जावातलं वारं साधं हवेचं असतं: अंग मोडून येतं, पोट फुगतं. त्यावर उपाय म्हणजे पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेने खरवडायचं. पाठीवर वाघासारखे लाल पट्टे उठतात आणि माणूस शांत झोपतो. भीमाच्या खोलीतल्या मित्राने हा उपाय केला, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी आरोग्य तपासणी निघाली. डॉक्टरांनी शर्ट वर करायला सांगितला, पाठ पाहिली आणि दातांतून तो ओळखीचा श्वास ओढला. "खोलीवर... सगळं... ठीक?" "ठीक." "हे... कुणी?" "मित्राने," भीम हसून म्हणाला, "माझ्या बऱ्यासाठी." डॉक्टरांनी हे सगळं लिहून घेतलं. मग त्याला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांना 'गरज नाही' म्हणणं जमेना म्हणून भीम नेमाने जात राहिला. गप्पांचे विषय संपले. अखेर बाईंनीच, हवापाण्यापासून सुरुवात करून, आपण आता पूर्ण बरे दिसता असं सुचवलं. भीमाने आभार मानले आणि जाताना खाऊ दिला.

खाण्याच्या बाबतीत मात्र आम्हा दोघांचं गोत्र जुळलं. जपानी दुकानात माळकरी आणि मुसलमान यांच्यासारखी जोडी नाही. दोघंही पाकीट उलटं धरून उभे. भीमाला डुकराचं चित्राक्षर लांबूनही ओळखू येतं. त्यानंतर जिलेटिन, मग शॉर्टनिंग कसलं ते, मग मिरिन, कारण त्यात दारूचा अंश. तो पास करायचा ते मी नापास करायचो, कारण मला मासाही चालत नाही आणि जपानी स्वयंपाकात मासा पाण्यासारखा वापरतात. भाजी दिसते भाजी, पण शिजते सुकवलेल्या बोनितो माशाच्या पाण्यात. बटाट्याच्या वेफर्सवरसुद्धा आमची परिषद भरायची. मेदानबाई ख्रिस्ती, त्यांना सगळं चालतं. त्या डुकराचं तळलेलं कटलेट खात आमच्याकडे बघत उभ्या राहायच्या आणि तोंड भरलेलं असताना विचारायच्या, "देवाचं ठरलं का काही?"

देवाचं ठरलं ते कान्नावा भागात. तिथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर आपलं आपण शिजवून घ्यायची सोय आहे. चूल भाड्याने मिळते आणि जिन्नस आपला आणता येतो. आम्ही रताळी, मक्याची कणसं, भोपळा आणि कोबी नेला. तेल नाही, मासा नाही, दारू नाही. नुसती पृथ्वीच्या पोटातली वाफ. या पद्धतीचं नाव 'जिगोकु-मुशी', म्हणजे नरकात वाफवलेलं. दोन धर्मांच्या दोन पापभीरू माणसांना अख्ख्या गावात निर्धास्त खाता आलं ते नरकात शिजलेलं अन्न. मेदानबाईंनी एक कणीस खाल्लं आणि मीठ नाही म्हणून नरकाला नावं ठेवली.

भीम एका यात्री-निवासात भांडी घासायचा आणि गाद्या घालायचा. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासच काम करायची मुभा असते. तिथल्या मालकीणबाई गोड. "आज तासभर जास्त थांबलात तर फार उपकार होतील" असं इतक्या लवून म्हणायच्या की भीमाच्या डोळ्यांत पाणी यायचं. 28 तास संपत आले की तो नकार द्यायचा, म्हणजे नकार वाटेल अशा पद्धतीने गप्प बसायचा. बाई त्या गप्प बसण्याचा अर्थ विचार चालू आहे असा घ्यायच्या. मग त्याने कायद्याच्या पत्रकाची प्रत भांड्यांच्या कपाटावर चिकटवली आणि रोज तिच्यासमोर उभं राहून हळहळल्यासारखं केलं. एके दिवशी बाईंचं लक्ष गेलं. "अरेरे," त्या पत्रकाकडे बघून म्हणाल्या, "हे किती कठोर आहे." भीम म्हणाला, "फारच." दोघांनी मिळून सरकारला दोष दिला आणि भीम वेळेवर घरी गेला. जपानात माणसं 'नाही' म्हणत नाहीत. ते काम कागदाचं. रस्ता बंद असला तरी पाटीवरचा कामगार हेल्मेट घालून वाकून माफी मागत असतो.

निघायच्या दिवशी बेप्पू स्टेशनासमोर, दोन्ही हात उंचावून स्वागत करणाऱ्या आबुराया कुमाहाची यांच्या पुतळ्यापाशी मी भीमाला बौद्धिक दिलं. हे गृहस्थ बेप्पूच्या पर्यटनाचे जनक. त्यांचे हातसुद्धा 'या' म्हणायलाच वर आहेत. मी म्हटलं, "अरे, नावाला जाग. छायानाट्यातला भीम देवाला सोडत नाही आणि तू गाद्या घालत बसतोस. आमच्या महाराष्ट्रात ये. आमच्याकडे 'नाही' म्हणजे नाही. कुणाला राग येत नाही, कुणी समुपदेशनाला पाठवत नाही." भाचीने आणि मेदानबाईंनी मिळून तिथल्या तिथे त्याच्याकडून एक मराठी शब्द घोकून घेतला: "नको." पहिल्यांदा तो पुटपुटला. दुसऱ्यांदा मेदानबाईंनी पाठीत धपाटा घातला तेव्हा स्पष्ट म्हणाला. मी त्याला साताऱ्याचं निमंत्रण दिलं. "नक्की, पुढच्या वेळी," तो उजळ चेहऱ्याने म्हणाला, आणि त्याचा अर्थ मी काय तो समजलो.

मार्चच्या सुट्टीत भाची घरी आली तेव्हा दारात तिच्यामागे भीम उभा. होळीचा दिवस. पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. त्याने डोळे मिटून खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी हसत हसत संपवली. चौथी घेऊन आमची सौभाग्यवती पुढे आली, तसा त्या काडीच्या अंगात खरा भीम संचारला. त्याने ताठ होऊन, दोन्ही हात ताटावर आडवे धरून, घरभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "नको!"

माझा ऊर भरून आला. मी भाचीकडे पाहिलं, भाचीने टाळी वाजवली.

"अगं बाई, किती लाजतंय पोर," सौभाग्यवती म्हणाली आणि त्याच्या बोटांच्या फटीतून तिने पोळी ताटात सोडली. "अहो, बघता काय, तूप वाढा त्याला."