हातचे गुरुजी

भाटघर धरणाच्या पाण्याकडेला जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. तिथल्या गुरुजींचं खरं नाव पगारपत्रकापुरतं. पोरं त्यांना 'हातचे गुरुजी' म्हणतात. बेरीज फळ्यावरची असो की वाण्याच्या बिलातली, गुरुजींचा पहिला सवाल ठरलेला, "हातचा धरला का?"

सुट्ट्यांची यादी आली की बाकीचे शिक्षक रविवारला जोडून काय येतंय ते बघतात. गुरुजी पेन्सिलीनं सणापुढे धडा लिहितात. संक्रांत : अपूर्णांक. पोळा : पाढे. गणपती : गुणाकार. दिवाळी : भूमिती. सुट्टी पोरांना असते, सणाला नसते.

पोळ्याला त्यांनी विचारलं, "गोठ्यात बैलांचे पाय चोवीस, तर शिंगं किती?" सगळा वर्ग ओरडला, "बारा!" मागच्या रांगेतून एकच आवाज आला, "अकरा." गुरुजींनी चष्मा कपाळावर नेला. "कशी रे?" पोरगं म्हणालं, "आमच्या ढवळ्याचं एक मोडलंय." गुरुजींनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि बारावाल्यांनाही दिले. वर म्हणाले, "पुस्तकातले बैल वेगळे, गोठ्यातले वेगळे."

पंधरा ऑगस्टच्या सुमाराला धरण भरत आलेलं असतं. 45 स्वयंचलित दरवाज्यांतून पाणी कोसळायला लागलं की माणसं फोटो काढायला धावतात. गुरुजी वर्गाला रांगेत उभं करतात. "साडेतेवीस टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. मांडा!" 2350 कोटीची शून्यं मांडताना पाट्या पुरत नाहीत. एकदा एक पोरगी वैतागून म्हणाली, "गुरुजी, हंड्यात सांगा की." दुसऱ्यानं विचारलं, "यातलं खाली बारामतीकडं किती जातं अन् आपल्याकडं किती राहतं?" गुरुजींनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "ती वजाबाकी मोठा झालास की कर."

दिवाळीच्या आधी शाळेच्या ओट्यावर ठिपक्यांची रांगोळी. पहिल्या ओळीत एक ठिपका, मग दोन, तीन, असं सातापर्यंत चढायचं आणि तसंच उतरत एकावर यायचं. "एकूण किती?" पोरी बोटं मोडत मोजतात. एकोणपन्नास! "म्हणजे साती साती?" पाचापर्यंत चढून बघा, पंचवीस. दहापर्यंत चढा, शंभर. पोरींचे डोळे विस्फारतात, आणि गुरुजी असे खूश होतात की जणू हे त्यांनाही आत्ताच कळलं. गेली कित्येक वर्षं त्यांना ते आत्ताच कळतंय.

घरी मात्र वहिनींचे हाल. शंकरपाळीवर कातणं जरा तिरकं गेलं की, "अगं, समभुज राहिला नाही!" करंजी अर्धवर्तुळ, चकलीला टोक सापडेना. वहिनी झारा उगारून म्हणतात, "लोकांकडं दिवाळी येते, आमच्याकडं उदाहरणं येतात." पण रांगोळीचे ठिपके त्या अजूनही गुरुजींकडूनच मोजून घेतात.

गणपतीत मात्र गुरुजींचं गणित चुकतं, तेही दरवर्षी. शाळेत दुर्वांच्या एकवीस जुड्या, जुडीत एकवीस काड्या. पोरं घाम गाळून 441 काढतात. पण नैवेद्याला इंद्रायणी तांदळाच्या पिठाचे मोदक येतात ते बावीस. मी एकदा न राहवून विचारलं, "गुरुजी, देवाचे एकवीस ना?"

"एकवीस देवाचे. बाविसावा हातचा."

थोड्या वेळानं दारात एक पोरगं उभं राहिलं. पाण्यापलीकडच्या वाडीवरून होडीनं येणारं. वारा सुटला की त्याचा उशीर ठरलेला. चड्डी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आरती झालेली, प्रसाद वाटून संपलेला. गुरुजींनी काही न विचारता डब्याचं झाकण उघडलं.

"आणि कुणीच उशिरा आलं नाही तर?" मी विचारलं.

"मग बाकी शून्य करावी लागते," असं म्हणून गुरुजींनी शर्टाला सांडलेल्या तुपाचा एक जुना डाग मला दाखवला.