रिक्तपात्र-स्वीकार विधी : छोट्या दुकानदारांसाठी

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी २०२४ पासून पेयांच्या प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅन यांवर अनामत, म्हणजे रिकामे पात्र आणून देताच परत मिळणारी रक्कम, आकारली जाते. १५० ते ५०० मिलिलिटरच्या पात्रास ती १५ सेंट आणि त्याहून मोठ्या, तीन लिटरपर्यंतच्या पात्रास २५ सेंट असते. काचेच्या बाटल्या व दुधाची पात्रे या संस्कारातून मुक्त आहेत.

दुकानदाराने प्रथम मालाची नव्हे, तर जमिनीची मोजदाद करावी. दुकानाचे क्षेत्रफळ २५० चौरस मीटरच्या आत भरल्यास रिकामी पात्रे परत घेण्यापासून सूट मागता येते, म्हणून एरवी दुकानाच्या ऐसपैसपणाची फुशारकी मारणाऱ्यानेही या एका अर्जापुरती गरिबी पत्करण्यास हरकत नाही. सूट अर्थात पात्र घेण्यातून मिळते, अनामत घेण्यातून नव्हे. गल्ल्यात अनामत टाकायची आणि तीच बाटली घेऊन आलेल्या शेजाऱ्याला दुसऱ्या दुकानाची वाट दाखवायची, या कसबासाठी चेहरा निर्विकार ठेवण्याचा नित्य सराव लागतो.

सूट न घेणाऱ्यापुढे दोन मार्ग उरतात : परतावा यंत्र, म्हणजे पात्र गिळून बारकोड वाचणारे व पावती देणारे कपाट, किंवा स्वतःचे हात. यंत्र जागा आणि भांडवल दोन्ही खाते, तेव्हा ते मोठ्यांनाच शोभते. हाताने घेणाऱ्याने पात्र रिकामे आहे, चेपलेले नाही, त्यावरील योजनेचे चिन्ह व बारकोड शाबूत आहेत, याची खातरजमा करावी. ते कोठून विकत घेतले हे मात्र विचारू नये, कारण गावाबाहेरच्या सुपरमार्केटात स्वस्तात घेतलेल्या बाटलीचेही त्याच आदराने स्वागत करणे भाग असते. तळाशी बोटभर शिळे पेय उरलेली बाटली ग्राहकाच्याच हाती सोपवावी, आणि तीही उभी.

यंत्र पात्रे चेपते. दुकानदाराने ती चेपू नयेत, कारण मोजणी केंद्रात बारकोड वाचला जावा लागतो. परिणामी, गाडी येईपर्यंत थैल्यांत बंद केलेली हवा सांभाळण्यात मागची खोली खर्ची पडते. त्याच्या मोबदल्यात योजना चालवणारी संस्था दर पात्रामागे हाताळणी शुल्क देते. ते सेंटांत मोजले जाते, खोलीचे भाडे युरोत.

घरची जागा वाचावी म्हणून दहा कॅन पायाखाली चपटे करून आणणारा पर्यावरणनिष्ठ ग्राहक हे सर्वांत अवघड प्रकरण होय. त्याला नकार देताना आधी त्याच्या निष्ठेची प्रशंसा करावी आणि मग दीड युरो बुडाल्याचे सांगावे. क्रम उलटल्यास प्रशंसा ऐकण्यास तो थांबत नाही.