पस्तीस पौंडवाले भाऊ

अकोल्यात बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास फिरतो, माणसं कुलरसमोरून हलत नाहीत. अशा दुपारी पत्र्याच्या शेडखाली, बनियनवर, गॉगल कपाळावर चढवून भाऊ वेल्डिंग करत असतात. बर्फावर घसरायच्या स्कीच्या फळ्या दाबायला घरगुती प्रेस बनते आहे. भाचा एकदा जेवताना म्हणाला होता, औलीला जाऊन स्की शिकीन. तो ते विसरला. भाऊ कसे विसरतील?

ही जमातच अशी. विकत मिळणारी वस्तू विकत घेणं म्हणजे तिला घराण्याला बट्टा वाटतो. "चार हजारात बनते तं चाळीस हजार काहून देऊ?" असं विचारून हे लोक शांतपणे अठ्ठेचाळीस घालवतात. शिवाय दाबायचं काम वऱ्हाडाला कोणी शिकवावं? १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, त्याच्या मागोमाग अकोला-अमरावतीकडे जिनप्रेस उभे राहिले. रुईची गाठ कशी आवळतात हे भाऊंना इकडची पोरं पाढे शिकतात त्या वयापासून ठाऊक.

रचना साधी आहे. खाली गर्डर, वर गर्डर, मधे साचा. साच्यात लाकडाची पट्टी, काचतंतूचं कापड, इपॉक्सी. त्यावर आग विझवायचा कापडी पाइप दोन्ही तोंडं बंद करून ठेवायचा आणि त्यात हवा भरायची.

"किती हवा?" वहिनींनी विचारलं.

"पस्तीस पौंड. मोटरसायकलच्या चाकात राह्यते तेवढी. काही होत नाही बाप्पा!"

भाऊंचं सगळं तत्त्वज्ञान या शेवटच्या वाक्यात आहे आणि घोटाळाही तिथेच आहे. पस्तीस पौंड हे एका चौरस इंचावर. पाइप सहा फूट लांब, सहा इंच रुंद; म्हणजे ४३२ चौरस इंच. गुणाकार केला तर १५,००० पौंडांच्या वर, जवळपास सात टन. रुईची गाठ १७० किलोची. अशा चाळीस गाठी वरच्या गर्डरला खालून ढकलत असतात आणि गर्डर धरून ठेवलेला असतो भंगारातल्या बोल्टांनी. हे ऐकून भाऊ घाबरले नाहीत, खूश झाले. "चाळीस गाठी!" संध्याकाळपर्यंत चौकात त्यांनी पन्नास केल्या होत्या.

सुरक्षेचा बंदोबस्त त्यांनी आधीच केला होता. गर्डरला लिंबू-मिरची बांधली होती.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "माह्या कुकरले शिट्टी हाये. तुमच्या पायपाले काय हाये?" दुसऱ्या दिवशी सेफ्टी व्हॉल्व्ह आला. श्रेय भाऊंनी स्वतःकडे घेतलं, पण व्हॉल्व्ह आला हे महत्त्वाचं.

उरलेलं काम अमरावतीच्या मेहुण्यानं केलं. अमरावतीचा माणूस अकोल्यात आला की चुका काढतोच. यावेळी बरं झालं. "आंधी पाणी भरून पाहा, भाऊजी. पाणी दाबलं जात नाही. फुटलं तं अंगण वलं होईन. हवा दाबून बसलेली राह्यते. फुटली तं तुमचा बोल्ट अकोट फैलात सापडन." मग भंगारातले बोल्ट जाऊन नवे आले, हवेची नळी भिंतीपलीकडे नेली, हवा पूर्ण सोडल्याशिवाय साच्याला हात लावायचा नाही असं खडूनं लिहिलं गेलं. पाण्याच्या चाचणीत पाइपाचं तोंड सुटलं. अंगण ओलं झालं, तुळशीला आयतं पाणी मिळालं.

इपॉक्सीनं मात्र अकोल्याचं पाणी दाखवलं. थंड देशांत ती घट्ट व्हावी म्हणून प्रेसला ऊब देतात; इथे भाऊ ढवळत असतानाच डबा तापला आणि आतला ऐवज दगड झाला. आता दाबायचं काम पहाटे चारला.

पहिली फळी निघाली तेव्हा गल्ली जमली. फळी सरळ होती, खरंच सुरेख होती. शेजारच्या काकूंनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "याच्यात द्रोण-पत्रावळी निघन का?"

भाऊंचा चेहरा पडला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग गॉगल कपाळावर सारत म्हणाले, "पत्रावळ किती इंची पायजे?"