पीएच साडेपाच

औषधाच्या दुकानात, बाळाच्या सामानाच्या कपाटाशी एखादा तिशीतला गृहस्थ बाटली उलटी धरून, तिच्यावर मोबाइलचा टॉर्च मारून, ओठांतल्या ओठांत पुटपुटताना दिसला तर तो स्तोत्र म्हणतोय असं समजू नका. तो 'सोडियम लॉरेथ सल्फेट' शोधतोय. सापडलं की बाटली परत कपाटात जाते. नाही सापडलं की संशय दुणावतो, कारण मग ते नक्की दुसऱ्या कुठल्या तरी नावानं लपवलेलं असणार. बाटलीच्या पुढच्या बाजूला हसणारं बाळ, निळा ढग, 'सौम्य', 'नैसर्गिक' वगैरे मजकूर असतो. तो त्याच्यासाठी नसतोच. तो बायकांसाठी आणि आजीसाठी असतो, असं त्याचं मत.

हा माणूस हल्ली वाकड-बाणेरपासून ठाणे-डोंबिवलीपर्यंत सगळीकडे आढळतो. माझ्या पाहण्यातला नमुना आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं आहे, पण सगळे त्याला पीएच म्हणतात. बायकोसुद्धा. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी. दुसऱ्याच्या कामातल्या खोड्या काढायचा महिन्याला पगार मिळतो. मुलगी झाल्यावर हेच काम तो घरी फुकट करू लागला.

सुरुवात नर्सिंग होममध्येच झाली. जन्मानंतर निदान चोवीस तास बाळाला आंघोळ घालू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याची छापील प्रत घेऊन हा सिस्टरसमोर उभा राहिला. सिस्टर म्हणाल्या, "आम्ही नाहीच घालत. तुम्ही खाली जाऊन फाइलचे पैसे भरा." वाद घालायची इतकी तयारी आणि समोरचा माणूस आधीच सहमत, असा अपमान त्याला त्यानंतरही पुष्कळदा सोसावा लागला.

मग पीएचचं प्रकरण सुरू झालं. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साडेपाचच्या आसपास. नुकत्या जन्मलेल्या बाळाची सहाच्या वर असते आणि मग काही दिवसांत उतरत जाते. साधा साबण मात्र नऊ-दहाच्या घरात. हे सगळं खरं आहे, आणि लिफ्टमध्ये तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून पूर्ण होतं. माझं घर पाचव्या मजल्यावर आहे हे त्याला ठाऊक असल्यामुळे उरलेल्या दोन मजल्यांसाठी तो लिफ्टच्या दारात पाय अडकवून उभा राहतो.

आधी काही दिवस तो 'टीएफएम'वाला होता. साबणात स्निग्ध अंश किती, त्यावरून प्रत ठरते. पहिल्या प्रतीत निदान 76 टक्के, तिसऱ्या प्रतीत 60, त्याखालच्या वडीला कायद्यानं साबणही म्हणत नाहीत, 'बेदिंग बार' म्हणतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला त्यानं ही तालीम देऊन टाकली. किराणावाल्यानं पहिल्या प्रतीचा डझनभर माल मागवला. तेवढ्यात ह्याच्या वाचनात आलं की 76 टक्क्यांचा असला तरी साबण तो साबणच, पीएच नऊचा. बाळाला 'सिंडेट' वडी हवी, जिच्यात मुळात साबणच नसतो. एका रात्रीत ह्यानं पक्ष बदलला, आणि महाराष्ट्रात राहून त्याबद्दल स्पष्टीकरण देण्याची त्याला गरज वाटली नाही. किराणावाला अजून ते साबण खपवतोय.

पावडरीचा विषय त्याच्यासमोर काढू नये. सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्या एफडीएनं जॉन्सनच्या बेबी पावडरचा मुलुंडचा परवाना रद्द केला. नमुन्यांचा पीएच मर्यादेपेक्षा जास्त आला, हे कारण. पीएच! त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर ह्यानं जे काही टाकलं ते वाचायला लोकांना दुसरा दिवस उजाडला. पुढे नव्यानं तपासलेले नमुने नियमात बसले आणि जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं परवाना रद्द करण्याचा तो आदेशच रद्द केला. गोष्टीचा पहिला अर्धा भाग तो आपणहून सांगतो, दुसरा विचारल्यावर.

घरी एक एक्सेल शीट आहे. उभ्या रकान्यांत सल्फेट, पॅराबेन, सुगंध, रंग, पीएच, दर मिलिलिटरला पडणारी किंमत. आडव्या ओळींत बाजारातल्या झाडून सगळ्या बाटल्या. लाल म्हणजे नापास, हिरवा म्हणजे पास. 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' ह्या शब्दांना शून्य गुण आहेत, आणि त्यात तो चुकत नाही. तपासलं एवढंच ते सांगतात; निकाल काय लागला ते सांगत नाहीत.

बाटल्यांवर पीएच लिहिलेला नसतो म्हणून त्यानं कागदाच्या पट्ट्या मागवल्या. ज्या दिवशी पुडकं आलं त्या दिवशी घरात काहीही सुटलं नाही. बेबी वॉश, शाम्पू, भांड्यांचा साबण, आईनं भिजवलेलं मसुरीचं पीठ. आई जेवायला वाढत होती, तर ह्यानं आमटीतही एक पट्टी बुडवली.

"पाच," तो म्हणाला.

"म्हणजे तुझ्या त्या साबणापेक्षा बरी की," आई म्हणाली. "उद्यापासून आमटीनंच न्हाऊ घालू पोरीला. चिंच जरा कमी घालीन."

आणि ह्या सगळ्या संशोधनाच्या पलीकडे, रोज सकाळी साडेदहाला, मावशी येतात. बाळ-बाळंतिणीच्या आंघोळी हाच त्यांचा धंदा. सोसायटीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली. त्या न्हाणीघरात पाटावर बसतात, साडी गुडघ्यावर घेतात, पाय लांब करतात आणि पोरीला नडग्यांवर पालथी टाकतात. मान घोट्यांपाशी, एक हात कायम पाठीखाली किंवा छातीखाली, दुसऱ्या हातात तांब्या. पाणी पाठीवर पडतं ते धारेनं नाही, तांब्याच्या काठावरून पसरून, पदर सोडल्यासारखं. पोरगी पहिल्या तांब्याला किंचाळते, दुसऱ्याला विचार करते आणि तिसऱ्याला गप्प होते. ह्या वेळी पीएच दाराबाहेर उभा असतो. दारातून बाटली आत देणं एवढंच त्याचं काम.

"सायेब, ह्याला फेस कसा न्हाई?" मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं. "पानी घातलंय दुकानदारानं. परत द्या त्याला."

त्यावर फेस आणि स्वच्छता ह्यांचा काही संबंध नसतो, ह्या विषयावर दाराबाहेरून व्याख्यान झालं. मावशींनी ते ऐकत ऐकत अर्धी बाटली संपवली.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवी, कारण तो स्वतः कधी सांगत नाही. पोरीच्या कानात आणि नाकात तेल सोडायचं नाही, पिठानं रगडून लव काढायची नाही, बंद खोलीत शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची नाही, ह्या तीन गोष्टी त्यानं ऐन दुसऱ्या आठवड्यात आई, सासू आणि मावशी अशा तिघींसमोर उभं राहून बंद पाडल्या. तिन्ही बाबतींत बालरोगतज्ज्ञ त्याच्याच बाजूचे. घरात चार दिवस कुणी त्याच्याशी धड बोललं नाही. एवढं मोठं काम, पण शीटमध्ये त्याला रकानाच नाही. फुशारकी मारायची तर तो फिनॉक्सिइथेनॉलची मारतो.

मग मावशींच्या गावची जत्रा आली आणि त्या गेल्या. आई नेमकी बहिणीकडे, बायकोला ताप. न्हाणीघर मोकळं होतं आणि तज्ज्ञ घरात होता.

त्यानं तयारी चोख केली. पाण्यात तरंगतं थर्मामीटरवालं बदक सोडलं, 37 आलं. दुपटं, टॉवेल, तीन पास झालेल्या बाटल्या ओळीनं मांडल्या. पाय लांब करून बसला तर पायांवरचे केस बघूनच पोरगी रडायला लागली. मग टबात घेतली. एक हात मानेखाली, एक हात पोटाखाली. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाटलीचं झाकण उघडायला तिसरा हात लागतो. ही माहिती कुठल्याही लेबलवर नव्हती. दातांनी उघडून पाहिलं. झाकणात 'चाइल्ड-सेफ'ची सोय होती. बायको आतल्या खोलीतून विचारत होती, "झालं का?" पोरगी निसटत होती, बदक तिच्या तोंडात होतं. शेवटी नुसत्या पाण्यानं आंघोळ उरकली, आणि पोरगी काही त्यानं कमी स्वच्छ झाली नाही. लहान बाळांना पहिले काही आठवडे नुसतं कोमट पाणी पुरतं, हे डॉक्टरांनी त्याला पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. पण त्यावर त्याला काही वाचायला मिळालं नव्हतं.

रात्री शीटमध्ये नवी ओळ आली: 'पाणी'. सल्फेट नाही, हिरवा. पॅराबेन नाही, सुगंध नाही, रंग नाही, हिरवा, हिरवा, हिरवा. किंमत जवळजवळ शून्य. मग त्यानं टाकीच्या पाण्यात पट्टी बुडवली. टँकरचं पाणी, आठ आलं. लाल.

मावशी जत्रेहून परतल्या तेव्हा तो दारातच उभा होता. सिंडेटची वडी गेले काही दिवस त्याच ठेवून घेत होत्या, हे त्याला कळलं होतं. रागावायला म्हणून उभा राहिला, तर त्यांनीच हात पुढे केला. दिवसाला पाच घरच्या आंघोळी आणि दोन घरची भांडी. बोटांच्या पेरांना बारा महिने चिरा असायच्या, त्या भरून आल्या होत्या. "चांगली वडी हाय ही तुमची," मावशी म्हणाल्या.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याला हे म्हणत होतं. तो तसाच आत गेला, दोन नव्या वड्या आणून त्यांच्या हातावर ठेवल्या आणि पीएच म्हणजे काय, साडेपाच म्हणजे काय, साबण नऊ का असतो, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मावशींनी एक शब्द न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वडी उलटीसुलटी करून वास घेतला आणि विचारलं,

"भांड्यांना चालंल का?"