मोठी मायचं नाव काय?

"अक्का, ऐकलं का? मागच्या गल्लीतली म्हातारी मोरीत घसरून पडली. मुलगा-सून कांदे काढायला मळ्यात, घरात एकटा नातू. चौथीतलं पोर."

"अव माय! मग?"

"बापाला फोन लावला, तर बापाचा फोन बांधावरच्या पिशवीत. पोरगं हुशार, अँब्युलन्सचा १०८ फिरवला. तिकडून विचारलं, पेशंटचं नाव काय? हा म्हणतो, मोठी माय!"

"हसू नको वं. माझा नातू तरी काय सांगणार? अक्का!"

"गाव विचारलं तर नुसतं पिंपळनेर. १०८चा फोन उचलतात पुण्यात. पिंपळनेर बीडकडे आहे, माढ्याकडेही आहे. तालुका विचारला तेव्हा कुठं त्याला साक्री आठवलं. मांडीचं हाड मोडलंय, पण वेळेत धुळ्याला पोचली म्हातारी."

"देशोदेशीच्या राजधान्या पाठ, आईचा नंबर नाही. आणि आमच्या घरच्या फोनला तर कुलूप!"

"कुलूप असलं तरी इमर्जन्सीचा कॉल लागतो, अक्का. ११२ लावला की पोलीस, आग, दवाखाना, सगळ्यांसाठी मदत मिळते."

"हे कोण सांगतं पोरांना? आपण सांगतो, बाहेर जाऊ नको, पोरं पळवणारे फिरतात. २०१८ साली मोबाइलवर तेच फिरत होतं ना? १ जुलैला, ऐन बाजाराच्या दिवशी, आपल्या राईनपाड्याला पाच जण ठेचून मारले. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. एकानंही पोर पळवलं नव्हतं."

"नका काढू ते, अंगावर काटा येतो."

"का नको? परक्याची भीती भरतो आपण, आणि संकट निघतं घरातच. कढईतलं तेल पेटतं, कांद्याच्या चाळीत साप निघतो."

"मी परवाच पोरीला बजावलं. साप चावला तर त्याला मारायला धावू नको. चावलेल्याला पळू द्यायचं नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. भगताकडे न्यायचं नाही, थेट सरकारी दवाखान्यात. विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं."

"आणि तेल पेटलं तर?"

"पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. लहान पोरानं बाहेर पळायचं आणि ओरडायचं, बस. बरं, तुमचा नंबर सांगा. तिला पाठ करायला देते, दिवसा गल्लीत तुम्हीच असता."

"घे. माझ्या नातवालाही तुझा देते. मात्र दारामागं लिहून ठेवू नको, रोज जेवताना विचार. आणि नंबराबरोबर सासूबाईंचं नावही घोकून घे पोरीकडून."